एका वर्षाची मुदत



वर्ष सरत आलं की आपल्याकडे दोन गोष्टी एकदमच होतात. धान घरात किंवा खरेदी केंद्रावर पोचलेलं असतं, बांध्या रिकाम्या झालेल्या असतात, कुठे कुठे लाखोळी वर आलेली दिसते. माणसाला जरा श्वास घ्यायला, मागेपुढे बघायला फुरसत मिळते. आणि त्याच दिवसांत चर्चमध्ये वर्षअखेरची उपासना असते. रात्री मंडळी जमतात, गेल्या वर्षाबद्दल उपकार मानतात, बाराच्या ठोक्याला गुडघे टेकतात, मग एकमेकांना हात मिळवून ‘नवीन वर्षाच्या शुभेच्छा’ म्हणतात. बऱ्याच ठिकाणी वचनाच्या चिठ्ठ्या वाटल्या जातात. घरी जाताना प्रत्येकाच्या मनात एखादा निश्चय असतो. रोज पवित्र शास्त्र वाचीन. रागावर ताबा ठेवीन. कर्ज काढणार नाही. आणि आपल्या विदर्भात हमखास केला जाणारा निश्चय म्हणजे, उद्यापासून खर्रा बंद. त्या खर्‍याकडे मी आज पुन्हा पुन्हा येणार आहे, कारण सवय म्हणजे काय हे त्याच्याइतकं स्पष्ट दाखवणारी दुसरी वस्तू आपल्या भंडारा जिल्ह्यात नाही. पन्नीच्या तुकड्यावर कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना. टपरीवाला ती पन्नी फळीवर घासून घासून खर्रा घोटतो, रबर लावतो, पुडी हातात देतो. ती पुडी खिशात असते, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असते, ट्रॅक्टरच्या सीटखाली असते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. खर्रा मात्र प्रत्येक चौकात घोटला जातोच आहे. एकतीस डिसेंबरच्या रात्री गुडघ्यावर बसून केलेला निश्चय त्या टपरीसमोर किती दिवस टिकतो?

या प्रश्नाचं उत्तर अंदाजानं द्यायची गरज नाही. अमेरिकेतल्या जॉन नॉरक्रॉस या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यानं १९८० च्या दशकात नववर्षाचा निश्चय केलेल्या २०० माणसांचा दोन वर्षं मागोवा घेतला. पहिला आठवडा ७७ टक्के लोकांनी निभावला. दोन वर्षांनी १९ टक्के उरले. ही माणसं आळशी होती का? खोटी होती का? मला तसं वाटत नाही. निश्चय करताना ती खरीच होती. पण निश्चय मोडला की माणसाच्या हाती काय उरतं, ते बघण्यासारखं आहे. सवय तर परत येतेच, पण सोबत एक निकालही येतो, की मी असाच आहे, माझ्याच्यानं होत नाही. दरवर्षी हा निकाल थोडा अधिक पक्का होतो. शेवटी माणूस निश्चय करायचंच सोडून देतो आणि त्याला समजूतदारपणा म्हणू लागतो. माझं आजचं म्हणणं या निकालाबद्दल आहे. ख्रिस्ती विश्वास माणसाला ध्येयं ठरवू नकोस असं सांगत नाही, सवयी बदलू नकोस असंही सांगत नाही. तो फक्त क्रम बदलतो. जग म्हणतं, आधी बदल, मग तुला मान मिळेल. शुभवर्तमान म्हणतं, आधी तुला जवळ घेतलं आहे, आता बदलायला लाग. क्रम बदलला की निश्चय हा स्वतःची लायकी सिद्ध करायची परीक्षा राहत नाही, आणि परीक्षा नसेल तर नापास होण्याच्या भीतीनं तो सोडून देण्याचंही कारण उरत नाही. एवढंच मला सांगायचं आहे, पण त्यातून निघणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्यावर घेतले जाणारे आक्षेपही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप लवकर आटोपतो. एक जानेवारी मुळात ख्रिस्ती आहे का? नाही. रोमन राज्यात इसवी सनापूर्वी १५३ पासून कॉन्सल या दिवशी कारभार हाती घेत. म्हणजे तो सरकारी दिवस. इंग्लंडमध्ये तर १७५२ पर्यंत कायद्यानं वर्ष २५ मार्चला सुरू होई. चर्चचं स्वतःचं उपासनेचं वर्ष ख्रिसमसच्या आधीच्या आगमनकाळापासून सुरू होतं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीच्या दिवसांत ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेत बिशप असताना एक जानेवारीच्या धांगडधिंग्याविरुद्ध प्रवचन देत असे. लोक भेटवस्तू वाटतात तर तुम्ही दानधर्म करा, लोक मेजवान्या झोडतात तर तुम्ही उपास करा, असा त्याचा रोख होता. आपल्याकडे शेतकऱ्याचं वर्ष पाडव्याला नाहीतर अक्षय तृतीयेला फिरतं, सालदाराचा करार तेव्हा होतो. तेव्हा तारखेत पावित्र्य नाही. पण थांबून हिशेब बघायला माणसाला एखादी खूण लागते, आणि आज शाळेच्या भिंतीपासून बँकेच्या पासबुकापर्यंत सगळीकडे जी तारीख आहे तीच खूण म्हणून वापरली तर त्यात बिघडलं काय? ऑगस्टीननं तारीख बदलायला सांगितली नव्हती, तिच्यावर काय करायचं ते बदलायला सांगितलं होतं.

आता क्रमाकडे येतो. शास्त्रात मोडलेल्या निश्चयाचं सर्वांत ठसठशीत उदाहरण येशूचा शिष्य पेत्र याचं आहे. शेवटच्या भोजनाच्या रात्री तो सगळ्यांसमोर बोलून बसला, की बाकीचे सोडून गेले तरी मी जाणार नाही, मरण आलं तरी नाही. काही तासांत, मुख्य याजकाच्या वाड्याच्या अंगणात, थंडी होती म्हणून नोकरांनी कोळशाची शेकोटी पेटवली होती, तिथे हात शेकत उभा असताना त्यानं तीनदा ओळख नाकारली. पुढे योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात, पुनरुत्थानानंतर, तलावाच्या काठी पेत्राला पुन्हा कोळशाचा विस्तव दिसतो. त्यावर मासळी भाजत ठेवलेली आहे आणि येशू न्याहारीला बोलावतो आहे. योहानानं कोळशाचा हा विस्तव दोन्ही ठिकाणी मुद्दाम लिहिला आहे असं मला वाटतं. आणि तिथे येशू काय करतो? पुन्हा शपथ घे म्हणत नाही. या वेळी तरी नक्की ना, असं विचारत नाही. आधी खाऊ घालतो. मग तीनदा एकच विचारतो, माझ्यावर प्रेम आहे का? आणि प्रत्येक उत्तरानंतर एक काम सोपवतो, मेंढरं सांभाळायचं. मोडलेल्या निश्चयानंतर पेत्राला मिळालेल्या या तीन गोष्टी, न्याहारी, प्रश्न आणि काम, त्यांचा क्रम ध्यानात घ्या. आपण नेमका उलटा क्रम लावतो. जो खर्रा सोडून पुन्हा धरतो त्याला आपण आधी प्रश्न विचारतो, मग काम काढून घेतो, आणि न्याहारीला बोलवायचं तर विसरूनच जातो.

हा क्रम नुसता पुस्तकातला नाही. आपल्याच जिल्ह्यातून जाणाऱ्या रेल्वेरुळावर त्याचं एक मराठी उदाहरण घडलं. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. तो रस्ता म्हणजे वरठीवरून, तुमसर रोडवरून, गोंदियावरून जाणारा आपला रोजचाच रस्ता. टिळक तेव्हा तिशीतले, कवी, संस्कृताचे जाणकार, धर्माच्या प्रश्नांनी अस्वस्थ. डब्यात एक युरोपियन सहप्रवासी होता. संस्कृत काव्यावर बोलणं निघालं, मग येशूवर आलं. उतरताना त्यानं टिळकांना नवा करार दिला आणि वाचायचं वचन घेतलं. टिळकांना पुस्तकाची गोडी नव्हती. पहिली पानं त्यांनी केवळ दिलेला शब्द पाळायचा म्हणून वाचली. पण मत्तयाच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना उठवेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चोवीस वर्षं त्यांनी मराठी मंडळीला जी गीतं दिली ती आज ‘उपासना संगीता’तून भंडाऱ्यातही गायली जातात.

या प्रसंगात निश्चयाचा वाटा किती होता? एक लहानसं वचन, एका माणसाला तोंडी दिलेलं, आणि तेही फारशा उत्साहाविना पाळलेलं. बाकीचं सगळं बाहेरून आलं. गाडीत तो प्रवासी बसणं टिळकांनी ठरवलं नव्हतं. त्या प्रवचनानं मनाची पकड घेणं हेही त्यांच्या हातात नव्हतं. त्यांच्या हातात एवढंच होतं, की रोज पान उलटायचं. ख्रिस्ती शिकवणुकीत सवयीची जागा नेमकी इथे आहे. सवय माणसाला वाचवत नाही. कृपा जिथे गाठू शकेल अशा ठिकाणी ती माणसाला रोज आणून बसवते. म्हणून सवय लहान असली तरी चालते, सुरुवातीला कोरडी असली तरी चालते. ‘मन लागलं की वाचीन’ म्हणणाऱ्याला टिळकांचं पुस्तक कधीच सापडलं नसतं.

आणि बाप्तिस्म्यानंतर टिळक एका रात्रीत दुसरेच झाले का? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना उत्तर माहीत आहे. टिळकांचा तापट स्वभाव, विसराळूपणा, खिशात नसलेले पैसेही देऊन टाकायची वृत्ती, कशाचा नेम नसलेला संसार, हे सगळं त्या पुस्तकात बाप्तिस्म्याच्या आधीही आहे आणि नंतरही आहे. लक्ष्मीबाईंनी ते लपवलं नाही, आणि त्यामुळे ते मराठीतलं सर्वांत विश्वासार्ह ख्रिस्ती पुस्तक झालं, असं माझं मत आहे. खुद्द लक्ष्मीबाईंचं बघा. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. परत आल्या त्या आपलं सोवळं, आपली चूल, आपलं पाणी वेगळं ठेवून. शिवाशिव ही त्यांची हाडीमांशी रुजलेली सवय होती. कोणी जबरदस्ती केली नाही, टिळकांनीही नाही. ज्यांना त्या दूर ठेवत होत्या तेच लोक रोज त्यांच्या अवतीभवती वावरत होते. विचार चालला होता. आणि एक दिवस त्यांनीच ठरवलं की आता कोणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. जातीची सवय ही खर्‍यापेक्षा शेकडो पटींनी जुनी आणि चिवट सवय आहे. ती सुटायला आधी स्वीकार, मग सहवास, मग वेळ लागला, आणि निश्चय सगळ्यात शेवटी आला. दुःखाची गोष्ट ही, की आपल्या कितीतरी मंडळ्यांत ती सवय आजही पूर्ण सुटलेली नाही. लग्न जमवताना ती वर येते. नव्या वर्षाच्या निश्चयांच्या यादीत मात्र ती कोणी लिहीत नाही.

इथे मोठा आक्षेप येतो. आधीच स्वीकारलं आहे असं सांगितलं तर माणूस हातपाय हलवील कशाला? हा आक्षेप पौलाच्या वेळेपासूनचा आहे; कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, असा सवाल त्यानं रोमकरांना लिहिलेल्या पत्रात स्वतःच उभा करून झिडकारला आहे. मी उत्तरासाठी लूकच्या तेराव्या अध्यायातल्या अंजिराच्या झाडाकडे वळतो, कारण नव्या वर्षाचा दाखला म्हणावा असा शास्त्रात तोच एक आहे. मालक तीन वर्षं फळ शोधत येतो, मिळत नाही, तेव्हा माळ्याला म्हणतो, तोडून टाक, जागा कशाला अडवायची? माळी म्हणतो, हे एक वर्ष राहू द्या. मी भोवती खणतो, खत घालतो. आता बघा, झाडाला सूट मिळाली म्हणून कोणी हातावर हात ठेवून बसलं का? उलट त्या मुदतीमुळेच खणायचं काम सुरू झालं. तोडायचंच ठरलं असतं तर शेणखताची पाटी कोणी उचलली असती? दया आणि मेहनत यांचं वैर आहे असं आपण धरून चालतो, आणि दाखल्यात दयेतूनच कुदळ हातात येते. निराश माणूस मेहनत करत नाही; ज्याला मुदत मिळाल्याची खात्री आहे तोच करतो. आणखी एक गोष्ट या दाखल्यात आहे, ती मी शेवटी घेईन: वर्ष झाडानं मागितलेलं नाही.

कृपा मानणारे लोक सवयींबाबत ढिले असतात, ही समजूत इतिहासालाही धरून नाही. जेझुइट संघाचा संस्थापक लोयोलाचा इग्नेशियस याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला पोपची मान्यता १५४८ साली मिळाली. त्यात एकेका दोषावर लक्ष ठेवण्याची रीत अगदी तपशिलानं सांगितली आहे. सकाळी उठताच ठरवायचं की आज या एका गोष्टीपासून सांभाळून राहीन. दोष घडला की त्या क्षणी छातीवर हात ठेवायचा. चारचौघांतही कोणाच्या लक्षात येणार नाही असा. दुपारी जेवणानंतर आणि रात्री जेवणानंतर तासातासाचा आढावा घ्यायचा, आणि आठवड्यातल्या प्रत्येक दिवसासाठी आखलेल्या दोन ओळींवर, जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके मांडायचे. पहिल्या दिवसाची ओळ सर्वांत लांब, मग दिवसागणिक आखूड, कारण ठिपके कमी होत जातील अशी आशा आहे. पहिल्या ओळीशी दुसरी, कालच्याशी आजची, आठवड्याशी आठवडा ताडून बघायचा. आजच्या मोबाइलवरच्या सवय मोजणाऱ्या ॲपमध्ये याहून वेगळं काय आहे? एक गोष्ट निश्चित वेगळी आहे. ॲप सलग किती दिवस पाळलं ते मोजतं. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो. इग्नेशियसच्या वहीत घसरणं धरूनच चाललेलं आहे. ठिपके पडणारच आहेत, ओळ म्हणूनच आखली आहे.

विज्ञानानंही त्याच्याच बाजूनं कौल दिला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांचा अभ्यास केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. आणि एखादा दिवस चुकल्यानं सवय रुजण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडला नाही. म्हणजे जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात जो ‘झालं, मोडलं’ म्हणून सोडून देतो, त्याचं शरीर अजून शिकतच असतं. हार मानलेली असते ती मनानं, तो निकाल ऐकून.

मग कोणी विचारील, विज्ञान हे सांगतंच आहे तर विश्वास हवा कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उर्मटपणे उत्तर देऊ नये. देव न मानणारी माणसंही व्यसनं सोडतात, वचनं पाळतात. आपल्या शेजारी नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली तेव्हा बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याचीही होती. त्या प्रतिज्ञांनी आपल्या जिल्ह्यातली किती घरं उभी केली हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. वारकऱ्याची एकादशी आहे, आपल्या आयाबायांची व्रतं आहेत. ख्रिस्ती माणसाला संकल्पाचा मक्ता मिळालेला नाही. पण सवय कशी लागते हे विज्ञान सांगतं. कोणती लावून घेण्याजोगी आहे हे सांगायला ते बसलेलं नाही. पहाटे चारला उठायची सवय सावकारालाही असू शकते. आणि जो वारंवार पडतो, ज्याच्याबद्दल आकडे काहीच चांगलं सांगत नाहीत, त्या माणसाची किंमत काय, या प्रश्नाचं उत्तर मला कोणत्याही प्रयोगातून मिळालेलं दिसत नाही. मला ते त्या तलावाकाठच्या न्याहारीत मिळतं.

आता ध्येयांबद्दल. वचनाच्या चिठ्ठ्यांचा उल्लेख मी सुरुवातीला केला. मोरेव्हियन मंडळी १७३१ पासून वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी वचनं काढून छापत आली आहे. रीत चांगली आहे. पण आपल्याकडे चिठ्ठी उघडताना हात थरथरतो, वचन आशीर्वादाचं निघालं की चेहरा खुलतो, इशाऱ्याचं निघालं की हळूच बदलून मिळेल का बघतात. त्या क्षणी ते वचन राहत नाही, राशिभविष्य होतं. आणि अलीकडे काही व्यासपीठांवरून जे सांगितलं जातं, की या वर्षी विश्वासानं मागा, गाडी मिळेल, प्लॉट मिळेल, परदेशाची वाट उघडेल, ते तर मला शुभवर्तमानाच्या उलटच वाटतं. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाला आवडणारा उपास कोणता ते आहे: जोखड मोडणं, भुकेल्याबरोबर भाकर वाटून खाणं, बेघराला घरात घेणं. नव्या वर्षाच्या ध्येयाची ही कसोटी मी मानतो. या ध्येयामुळे माझ्याशिवाय कोणाचं जगणं सुकर होणार आहे? पंडिता रमाबाईंची प्रार्थनेची शिस्त प्रसिद्ध आहे. पण १८९६-९७ च्या दुष्काळात, ज्या मध्य प्रांतात तेव्हा आपला भंडारा होता, त्या मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो उपाशी मुलींना केडगावला नेलं, शिकवलं, हाताला काम दिलं. त्यांची प्रार्थना आणि त्या मुली वेगळ्या काढता येत नाहीत.

यावर शेवटचा आणि मला सर्वांत जड वाटणारा आक्षेप. ध्येयं ठरवणं हा महिन्याच्या पगाराचा भरवसा असलेल्यांचा उद्योग नाही का? रोवणीला गुडघाभर चिखलात वाकणारी बाई, धान निघालं की कामासाठी घर सोडणारा मजूर, यांनी बारा महिन्यांचा आराखडा कसा करायचा? माझं उत्तर असं, की प्रभूच्या प्रार्थनेत मागणी आजच्या भाकरीची आहे. वर्षभराच्या कोठाराची नाही. ती प्रार्थना मुळात रोजंदारीवरच्या माणसाच्या तोंडी शोभते. पगारदारानं ती त्याच्याकडून उसनी घेतली आहे. याकोबाच्या पत्रातही वर्षभराचे बेत सांगणाऱ्या व्यापाऱ्यांना खडसावलं आहे, उद्या काय होईल हे तुम्हाला ठाऊक नाही म्हणून. तेव्हा ख्रिस्ती ध्येयाचं माप दिवस हेच आहे. वर्षाचा आराखडा ज्याला जमतो त्यानं जरूर करावा, पण ज्याला नाही जमत तो विश्वासात उणा नाही.

मात्र एकट्या माणसाला, मग तो पगारदार असो की मजूर, हे झेपत नाही, आणि इथे भंडाऱ्याला कोणी वेगळं शिकवायची गरज पडू नये. आपला जिल्हा तलावांचा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं हे तलाव आणि बोड्या बांधल्या, मालगुजारांच्या काळात गावानं त्या राखल्या. पाळीवर माती टाकणं, गाळ काढणं, पाट मोकळा ठेवणं ही दरवर्षीची, वाटून घेतलेली कामं होती. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, आणि ती जायलाच हवी होती. पण तलाव सरकारकडे गेले तशी गावाची ती नेमाची राबणूक सुटत गेली. पाळ एका दिवसात फुटली नाही. गाळ साचत गेला, बेशरमची झुडपं माजली, पाणी उथळ झालं. अलीकडे काही ठिकाणी ढिवर समाजातल्या स्त्रियांनी तलावांत उतरून बेशरम उपटली, जुन्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या, तेव्हा मासळी परतू लागली. माणसाच्या सवयींचं असंच आहे. त्या सगळ्यांनी मिळून राखायच्या असतात, आणि एकट्यावर सोडल्या की गाळानं भरतात.

चर्चनं हे ओळखलं होतं. १७४० च्या सुमारास इंग्लंडात ब्रिस्टलजवळ किंग्जवूडच्या कोळसा खाणीतले मजूर, जे आधी रात्ररात्र दारूच्या गुत्त्यात काढत, ते मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या प्रवचनांनंतर रात्री प्रार्थनेला जमू लागले. पुढे ही जागरणं पौर्णिमेच्या जवळच्या शुक्रवारी ठेवत, म्हणजे उजेडात चालत घरी जाता यावं. आपली वर्षअखेरची उपासना त्या खाणमजुरांच्या जागरणातून आली आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी असलेल्या जिल्ह्याला हे नातं जवळचं वाटावं. त्यांनी गुत्ता नुसता सोडला नाही, गुत्त्याच्या वेळेला दुसरीकडे, दुसऱ्या माणसांबरोबर जाऊन बसले. मग ११ ऑगस्ट १७५५ ला वेस्लीनं लंडनमध्ये कराराची उपासना घेतली: सगळ्या मंडळीनं उभं राहून एकत्र देवाशी केलेला करार नवा करायचा. पुढे ती नववर्षाच्या दिवसांत घेतली जाऊ लागली. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, त्या सहांत ब्रिटिश मेथडिस्टही होते. म्हणजे ती वेस्लीची परंपरा आपल्या दारात, पासष्ट किलोमीटरवर, आपल्या घराण्यात आलेली आहे. आपण तिच्यातलं जागरण ठेवलं, करार मात्र बऱ्याच ठिकाणी हरवला.

आता अंजिराच्या झाडाकडे परत येतो. वर्षाची मुदत माळ्यानं मागितली, झाडानं नाही. खणायचं, खत घालायचं कामही माळ्यानंच अंगावर घेतलं. नव्या वर्षाला आपण प्रत्येक जण आपापल्यासाठी वर्ष मागतो. तसं करण्याऐवजी जानेवारीच्या पहिल्या रविवारी मंडळीतल्या प्रत्येकानं दुसऱ्या एका माणसासाठी वर्ष मागावं, आणि त्यासाठी खणायचं काय ते स्वतः कबूल करावं, अशी माझी पाळकांना आणि फादरांना विनंती आहे. खर्रा सोडणारा असेल तर त्याच्याबरोबर तिघांनी नावं द्यावीत. त्याची टपरीची वेळ कोणती, ते त्याला विचारावं. बहुधा सकाळच्या चहानंतरची आणि संध्याकाळी कामावरून सुटतानाची असते. त्या वेळेला एकानं त्याच्याबरोबर चालावं, एकानं फोन करावा. दाताच्या डॉक्टरकडे तोंड तपासायला त्याला घेऊन जावं, कारण तोंड उघडेनासं झालं की उशीर झालेला असतो. आणि तिसऱ्या आठवड्यात त्यानं पुडी पुन्हा घेतली, तर ती घेतल्याची कबुली द्यायला त्याला ज्याच्याकडे जायची भीती वाटणार नाही असा माणूस त्या तिघांत असावा. कर्जात बुडालेल्यासाठी वही घेऊन बसणारा असावा. शाळा सोडलेल्या मुलासाठी संध्याकाळचा एक तास देणारा असावा. वर्षाच्या मध्यावर, जून लागताना, पऱ्हे टाकायच्या आधी, सगळ्यांनी पुन्हा एकदा बसून काय झालं, काय राहिलं ते बघावं. ज्यांचं राहिलं त्यांच्यासाठी मुदत वाढवावी. डिसेंबरपर्यंत थांबू नये.

हे प्रत्यक्षात कसं बसवायचं, कोणत्या मंडळीत किती माणसं मिळतील, बाहेरगावी कामाला जाणाऱ्यांचं काय करायचं, यावर तुमच्याकडे माझ्यापेक्षा अधिक माहिती आहे. अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवला आहे. तेव्हा आता मी थांबतो आणि तुमचं ऐकतो.